शिंगरू ते घोडा : एका धंद्याचा हिशेब

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

'घोडामैदान जवळच आहे', 'गंगेत घोडे न्हाले', 'वरातीमागून घोडे' अशा म्हणी आपण येताजाता वापरतो. लग्नाच्या वरातीत, जत्रेत आणि आमच्या मुरूडच्या पुळणीवर आपण घोडा पाहतो. परंतु माणसाच्या शब्दावर चालणारा, हॉर्न वाजला तरी न बुजणारा, चार माणसांची गाडी निमूट ओढणारा घोडा आईच्या पोटातून तसाच येत नाही. त्याला कोणीतरी तसा 'करावा' लागतो. कोरे शिंगरू विकत घ्यायचे, त्याला शिकवायचे आणि तयार घोडा म्हणून विकायचे, असा एक जुना धंदा आहे. डिसेंबर २०२३ ते नोव्हेंबर २०२४ या काळात हा धंदा आमच्या घरात झाला. त्याचा जमाखर्च माझ्या वहीत आहे. अर्थशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून त्या वहीचा अभ्यास करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

माझे वडील मुरूडच्या किनाऱ्यावर घोडागाडी चालवतात. गाडी आणि घोडा दुसऱ्याचा. दिवसाच्या कमाईतला अर्धा हिस्सा मालकाचा, अर्धा बाबांचा. इतिहासाच्या तासाला बारगीर आणि शिलेदार हे दोन शब्द आले, तेव्हा मला प्रथम बाबाच आठवले. शिवकाळात ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे तो बारगीर आणि जो स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. लढाईत दोघांच्या अंगावर वार सारखेच होत असतील. पण घोडा कोणाचा, यावर माणसाची पायरी ठरत असे. त्या अर्थाने आमचे बाबा आयुष्यभर बारगीरच राहिले.

बाबा आणि दादा यांनी ठरवले की, एक शिंगरू घ्यायचे, उन्हाळ्याच्या हंगामापर्यंत तयार करायचे आणि पावसाआधी विकायचे. आलेल्या नफ्यातून दादाचा गाडीचा परवाना आणि माझी दुसऱ्या वर्षाची फी, दोन्ही भागतील, असा हिशेब होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे वही माझ्याकडे आली.

महाराष्ट्रातल्या घोड्यांच्या मोठ्या बाजारांपैकी हे दोन. एक नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत भरतो. दुसरा नंदुरबार जिल्ह्यात, तापीकाठच्या सारंगखेड्याला, एकमुखी दत्ताच्या यात्रेत भरतो. दत्तजयंतीला सुरू होणाऱ्या या यात्रेत मारवाडी, काठेवाडी आणि इतर जातींची जनावरे दूरदूरच्या प्रांतांतून येतात. २०२३ साली दत्तजयंती २६ डिसेंबरला होती. बाबा आणि दादा सारंगखेड्याला गेले आणि ४२,००० रुपयांना एक तांबूस शिंगरू घेऊन आले. यांपैकी ३०,००० रुपये एका ओळखीच्या माणसाकडून दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने घेतलेले होते.

दात काय सांगतात

विकणाऱ्याने शिंगराचे वय चार वर्षे सांगितले होते. बाबांनी ओठ वर करून दात पाहिले आणि तेथल्या तेथे मनात किंमत कमी केली. घोड्याचे पुढचे दुधाचे दात ठराविक वयात पडतात. मधली जोडी सुमारे अडीच वर्षांची असताना, तिच्या बाजूची साडेतीनच्या सुमारास आणि कडेची साडेचारच्या सुमारास. पाचव्या वर्षी घोडा 'पुऱ्या तोंडाचा' होतो. आमच्या शिंगराची फक्त मधली जोडी बदललेली होती. म्हणजे ते जेमतेम पावणेतीन वर्षांचे होते.

चार आणि पावणेतीन यांत फरक सव्वा वर्षाचा. पण या धंद्याचे सारे मर्म त्या सव्वा वर्षात आहे. घोड्याची उंची लवकर भरते, हाडे मात्र हळूहळू पक्की होतात. पायांची हाडे आधी आणि पाठीचा कणा सर्वांत शेवटी, पाचव्या-सहाव्या वर्षी. दिसायला घोडा झालेले जनावर आतून अजून शिंगरूच असते. अशा वयात भरल्या गाडीला जुंपले तर लगेच काही दिसत नाही. दोन वर्षांनी ते पायाने अधू होते. तोवर विकणारा पैसे मोजून मोकळा झालेला असतो.

हा प्रश्न जगाइतकाच जुना आहे. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी झेनोफन या ग्रीक लेखकाने अश्वविद्येवर एक ग्रंथ लिहिला. कोरे शिंगरू घेताना त्याचा स्वभाव पारखता येत नाही, म्हणून शरीर पाहावे आणि त्यातही पाय आधी पाहावेत, कारण पायाच कच्चा असला तर वरचे घर चांगले असून उपयोग नाही, असे तो सांगतो. त्याचा दुसरा सल्ला मला फार आवडला. मुलाला एखादा हुन्नर शिकायला गुरूकडे ठेवावे, तसे शिंगरू शिकवणाऱ्याच्या हवाली करावे आणि परत येताना त्याला काय काय यायला हवे, याचा लेखी करार करावा, असे तो म्हणतो.

शिकवणे म्हणजे काय

घोडा फिरवून तयार करणाऱ्याला जुन्या मराठीत 'चाबूकस्वार' म्हणत. शब्द ऐकला की वाटते, सारे काम चाबकाचे असावे. मी अकरा महिने जे पाहिले ते वेगळे होते.

पहिला महिना नुसत्या ओळखीचा. मोहरकी घालणे, खरारा करणे, अंगावरून हात फिरवणे, एकेक पाय उचलून धरणे. पाय उचलू दिला नाही तर नालबंद जवळ येऊच शकत नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. पण नाकाच्या अगदी पुढचे आणि शेपटीच्या थेट मागचे दिसत नाही. म्हणून त्याच्या मागे जाताना बोलत जावे, हा बाबांचा पहिला धडा. तो न पाळल्याबद्दल दादाने मांडीवर एक लाथ खाल्ली आणि आठवडाभर लंगडला.

त्यानंतर लांब दोरीवर गोल फिरवणे, कधी उजवीकडून तर कधी डावीकडून. मग तोंडात लगाम, पाठीवर साज आणि मागून चालत लांब लगामांनी वळवणे. पुढे ओढण्याची सवय. प्रथम एक जुना टायर, मग रिकामी गाडी, आणि रिकाम्या गाडीच्या शेजारून मालकाचा जुना घोडा चाललेला, म्हणजे धीर राहतो. शेवटी गोंगाट. हॉर्न, फटाके, पतंग, किनाऱ्यावर फिरणाऱ्या मोटारी आणि पाण्यातल्या बोटी.

या सर्वांत एक तत्त्व समान आहे. दोरी ताणली की शिंगरू थांबते, असे आपल्याला वाटते. वास्तविक ते शिकते दोरी सैल सोडण्यातून. त्याने एक पाऊल बरोबर टाकले की त्याच क्षणी ताण काढून घ्यायचा. क्षणभर उशीर झाला तर कोणत्या गोष्टीबद्दल सुटका मिळाली, हे त्याला कळत नाही. म्हणून रागावलेल्या माणसाने त्या दिवशी दोरीच हातात घेऊ नये, असा आमच्या घरचा नियम होता.

आमच्या येथे आणखी एक अडचण आहे, ती समुद्राची. कोरडी भुसभुशीत वाळू कोवळ्या पायांच्या शिरांना वाईट. ओहोटीनंतरची ओली, घट्ट पुळणच चांगली. परंतु ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. त्यामुळे शिंगराची शाळा कधी पहाटे पाचला, तर कधी भर दुपारी भरे. माझ्या वहीत डाव्या पानावर खर्च आणि उजव्या पानावर भरती-ओहोटीच्या वेळा आहेत.

दोन पंचांगे

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. या धंद्यात दोन पंचांगे आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिले बाजाराचे. खरेदी डिसेंबरात. मुरूडला पर्यटकांची गर्दी दिवाळी, नाताळ आणि एप्रिल-मे यांत. जूनपासून चार महिने पुळण ओस. घोड्याला काम नाही; पण पोट रोजचेच. म्हणून शिंगरू मेअखेर विकले जावे, असे बाजाराचे पंचांग सांगते.

दुसरे हाडांचे. त्याला हंगाम कळत नाही. डिसेंबरात पावणेतीन वर्षांचे असलेले शिंगरू मे महिन्यात सव्वातीनचेही होत नाही.

कोकणातल्या पावसात घोडे सांभाळणे किती कठीण आहे, हे शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात चिपळूणजवळ छावणीला असलेल्या लष्कराला पाठवलेल्या पत्रावरून कळते. दाणा-वैरण आताच मन मानेल तशी उधळली तर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडे उपाशी मरतील आणि ते मारल्याचा दोष तुमच्यावर येईल, अशी त्यात कडक ताकीद आहे. गवताच्या गंजीला दिव्याची किंवा चिलमीची ठिणगी लागू नये, याचीही त्यात काळजी आहे. राज्य सांभाळणारा माणूस गवताच्या गंजीपर्यंत हिशेब करत होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आणखी मागे गेले तर आमच्याच किनाऱ्यावर या धंद्याचे एक बोलके उदाहरण सापडते. इ. स. १४७० च्या सुमारास अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला. चौल-रेवदंडा मुरूडच्या उत्तरेला, आमच्या जिल्ह्यातच आहे. रेवदंड्याला एका शाळेच्या आवारात त्याचे स्मारकही आहे. हिंदुस्थानात घोड्याला मोठी किंमत येते, या आशेने तो आला होता. चौलहून तो जुन्नरला गेला. तेथे पावसाळा आणि चिखल यांनी त्याला अडवले. तेथील खानाने घोडा काढून घेतला, तो मिनतवाऱ्या करून परत मिळाला. शेवटी बीदरला घोडा विकला गेला. पण त्याआधी वर्षभर त्याला पोसावे लागले, अशी नोंद त्याने आपल्या प्रवासवृत्तात केली आहे. त्या नोंदीजवळ मी थांबले. साडेपाचशे वर्षांपूर्वीचा तो परदेशी व्यापारी आणि आमचे बाबा यांची अडचण एकच होती.

मे महिन्यातली एक संध्याकाळ

मे २०२४ च्या अखेरीस बाहेरगावचा एक गाडीवाला शिंगरू पाहायला आला. तोवर ते रिकामी गाडी छान ओढत होते, रंगही चकाकत होता. त्याने ८५,००० रुपये देऊ केले. त्या दिवसापर्यंतचा आमचा खर्च ७४,७२० रुपये होता. म्हणजे नफा १०,२८० रुपये. जूनमध्ये माझी फी भरायची होती.

त्याने विचारले, "वय काय?" दादाने आदल्या रात्रीच बाबांना सांगून ठेवले होते की, चार सांगा. बाजारात आपल्यालाही चारच सांगितले होते. शिवाय तो माणूस दातही पाहत नव्हता. म्हणाला, "तुम्ही इतकी वर्षं गाडी हाकताय. तुम्ही सांगाल ते."

बाबा म्हणाले, "भाऊ, आत्ता कुठं तीन झालीत. दिवाळीपर्यंत माणसं भरून गाडी लावू नका. नाहीतर पाय जाईल."

तो म्हणाला, "मग मला आत्ता काय उपयोग? पासष्ट देतो."

पासष्टला विकले असते तर ९,७२० रुपये खोट आली असती. सौदा मोडला. दादा रागाने बाहेर निघून गेला. आई दोन दिवस बाबांशी बोलली नाही. माझी फी तिने बचत गटातून पैसे उचलून भरली. मीही त्या रात्री बाबांच्या बाजूने होते, असे प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही.

नंतर कॉलेजात जॉर्ज अकर्लोफ या अर्थशास्त्रज्ञाच्या १९७० सालच्या निबंधाविषयी ऐकले. जुन्या मोटारींच्या बाजारात विकणाऱ्याला खरे माहीत असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा प्रत्येक गाडीला खराब समजूनच भाव करतो आणि चांगल्या मालाचा मालक बाजारातून निघून जातो, असा त्याचा सिद्धान्त आहे. २००१ साली त्याला नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. सारंगखेड्याला बाबांनी विकणाऱ्याच्या शब्दावर विश्वास न ठेवता ओठ का उचलला, याचे उत्तर मला त्या तासाला मिळाले. एकाने खोटे सांगितले की, पुढच्या शंभर खऱ्या बोलणाऱ्यांचा भाव पडतो.

पावसाळा आणि विक्री

पावसाळा कठीण गेला. ओलाव्याने दोन खुरांच्या तळाला कुजणे सुरू झाले. गोठ्याची जमीन उंच करावी लागली, खूर रोज कोरडे करावे लागले. हिरवे गवत आम्हीच कापून आणत असू, म्हणून दिवसाचा खर्च ११० रुपयांवरून ८० वर आला. परंतु एकदम ओले गवत जास्त झाले तर घोड्याचे पोट फुगते आणि घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटशूळ त्याच्या जिवावर बेततो. गवत थोडे सुकवूनच द्यावे लागे. ऑक्टोबरात ऊन पडल्यावर शिक्षण पुन्हा सुरू झाले. दिवाळीच्या सुट्टीतल्या गर्दीत ते बाबांच्या हाताखाली हलकी गाडी घेऊन फिरले आणि एकदाही बुजले नाही.

नोव्हेंबरात मे महिन्यातलाच गाडीवाला परत आला. या वेळी बाबांनी स्वतःच ओठ उचलून दाखवला. बाजूची दुसरी जोडी बदललेली होती. घोडा १,०५,००० रुपयांना गेला. एकूण हिशेब असा :

खरेदी — ४२,०००
प्रवास, टेम्पोतील वाटा, दाखले — ८,५००
चंदी-वैरण (३२५ दिवस) — ३२,०९०
नाल, औषधे, टोचणी — ४,८००
जुना साज व दुरुस्ती — २,५००
व्याज (११ महिने) — ६,६००
एकूण खर्च — ९६,४९०
विक्री — १,०५,०००
शिल्लक — ८,५१०

बाबा आणि दादा मिळून रोज सरासरी दोन तास शिंगरापाशी असत. म्हणजे ६५० तास. शिल्लक रकमेला तासांनी भागले तर तासाला तेरा रुपये पडतात. मे महिन्यात एक शब्द खोटा बोलले असते तर पाच महिन्यांतच यापेक्षा जास्त मिळाले असते, हेही वही सांगते. ते मी लपवत नाही.

निष्कर्ष

अल्फ्रेड मार्शल या अर्थशास्त्रज्ञाने व्याजाला 'थांबण्याचे' मोल म्हटले आहे. आज खर्च करता येणारा पैसा जो थांबवून ठेवतो, त्याला त्याचा मोबदला मिळतो. शिंगराच्या धंद्यातला नफाही असाच थांबण्याचा आहे. ४२,००० चे शिंगरू आणि १,०५,००० चा घोडा यांत फरक रक्ताचा नाही, अकरा महिन्यांचा आहे. मात्र ज्याच्याजवळ स्वतःचे भांडवल आहे तोच सुखाने थांबू शकतो. कर्ज काढणाऱ्याला थांबण्याचे मोल मिळत नाही, उलट द्यावे लागते. आमच्या हिशेबातली ६,६०० ची ओळ तेच सांगते. म्हणूनच बाजारात अर्धवट शिकलेले, कोवळ्या पायांचे घोडे येतात. विकणारे सारेच लबाड असतात असे नाही. पुष्कळांना पावसाळा परवडत नाही.

या धंद्यापुढे आज आणखी प्रश्न आहेत. मुंबईच्या व्हिक्टोरिया २०१५ साली उच्च न्यायालयाच्या निकालाने बेकायदेशीर ठरल्या. आमच्याच जिल्ह्यातल्या माथेरानला, जेथे घोडा हेच मुख्य वाहन, तेथे डिसेंबर २०२२ मध्ये प्रायोगिक ई-रिक्षा आल्या. घोड्यांच्या हालांविषयी लोक बोलतात, त्यात तथ्य आहे. १९६५ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे अशा जनावराकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा आणि सलग पाच तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही. गाडीत हाकणारा आणि सहा वर्षांखालील मुले सोडून चारच माणसे बसवता येतात. हे नियम पाळले गेले, तर कच्चा घोडा जुंपण्याचा मोहही कमी होईल, असे मला वाटते. शिवाय चार-पाच गाडीवाल्यांनी मिळून शिंगरे घेतली, हिवाळ्यातच गवत विकत घेऊन उंच जागी रचले आणि पावसाळ्याचा खर्च वाटून घेतला, तर थांबणे एकेकट्याला जड जाणार नाही.

घोडा आपल्याकडेच का ठेवला नाही, असे एका मैत्रिणीने विचारले. ठेवला असता तर बाबा शिलेदार झाले असते. पण ३०,००० रुपये परत करायचे होते. ते फिटले, बचत गटाचेही फिटले आणि थोडे उरले. दादाच्या परवान्याचे मात्र पुढच्या वर्षावर गेले.

बारावीनंतर मला एखाद्या लॉजवर कामाला लावा, असे घरी अनेकांनी सुचवले होते. तेव्हाही बाबांनी "अजून थांबू" एवढेच उत्तर दिले होते. त्या उत्तराला काय किंमत पडते, ते वही लिहिल्यामुळे मला आकड्यांत कळले.